शिपायाच्या हाती दिलेली बाटली

लोहारा
३ मार्च १९८६

चि. महादेवीस,

अप्पाचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तुझ्यावर.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. अव्वाला समाधी दिल्यावर तू पुण्याला गेलीस, त्यानंतरचं हे पहिलं. सगळं मिळून पाच ओळी. २७ नोव्हेंबर १९८४ ला दुपारी मी माझ्या बायकोच्या, म्हणजे अव्वाच्या, गालातून तपासायला काढलेल्या तुकड्याची बाटली तुमच्या कॉलेजच्या विभागातल्या कोंडिबा शिपायाच्या हातात दिली, असं सहीनिशी लिहून पाठवावं. ७ एप्रिलला त्याची चौकशी आहे. त्या पाच ओळींत अप्पा हा शब्द कुठे सापडला नाही. मी दोनदा पाहिलं.

लिहून पाठवतो. थोडे दिवस दे.

इकडे पाणी नाही. गेल्या मृगापासून धड पाऊस नाही हे तुला ठाऊकच आहे. बिराप्पानं त्याच्या दोन म्हशी छावणीला नेऊन बांधल्या. दूध सोसायटीत पूर्वी बारा कॅन भरायचे, आता तीन भरले तरी उमरग्याचा ट्रक थांबतो. मी रोज पहाटे नेहमीसारखा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत काढतो, लॅक्टोमीटर बुडवतो, नळीत फॅट बघतो. परवा बिराप्पाच्या दुधाला काटा इतका चांगला लागला की मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो म्हणाला, "आण्णा, बघताय काय? हिरीत पानी न्हाय, दुधात कुठनं घालू?" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो म्हणून लिहिलं.

महादेवी, बाटली हरवली, तुकडा तपासला गेला नाही, नऊ महिन्यांत अव्वा गेली. आता ते उगाळून कुणाला काय मिळणार? त्या माणसाला बायकामुलं असतील. तो कुठला, घरी कोण कोण आहे, जमलं तर कळव.

अप्पा

लोहारा
१९ मार्च १९८६

चि. महादेवीस,

तू रागावणार हे माहीत होतं. "तारीख आठवत नाही असं तर म्हणणार नाही ना? दहा वर्षांमागं कुणाच्या म्हशीला किती फॅट लागलं ते तुम्हाला पाठ आहे," असं लिहिलंस. बरोबर लिहिलंस.

कोंडिबा आपल्याच जिल्ह्यातला, बेंबळीचा निघाला. बारा वर्षं तिथं शिपाई आहे, सप्टेंबरात तू लेखी तक्रार दिल्यापासून घरी बसवलेला आहे, आणि बायको लोकांची भांडी घासते. एवढं सगळं तू लिहिलंस, मी विचारलं म्हणून. तो तुला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांना एकडाव माझ्यासमोर हुबं करा, मग मला फासावर द्या." तू उत्तर न देता वर निघून गेलीस, हेही लिहिलंस. ते तू का लिहिलंस याचा मी विचार करतो आहे.

त्या दिवसाचं थोडं आधीपासून सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत तू आलीस. अव्वा चुलीपाशी मिश्री लावत बसली होती. तू म्हणालीस, "अव्वा, तोंड उघड." ती म्हणाली, "मी काय बाजारातला बैल हाय का, दात बघायला?" पण उघडलं. तू आत बघितलंस, बोटानं गालातली गाठ चाचपलीस. जाताना मला गोठ्यापाशी नेऊन तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेण्याचं वचन घेतलंस.

मी नेलं. आदल्या संध्याकाळी ती रडली होती. आपल्याकडे सगळे म्हणतात, गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते. आणि तिला दुसरंही भय होतं. ती म्हणाली, "माझं आंग तोडून कुटं कुटं नेऊ नगा. मला बसवाल तवा अक्खी बसवा." आपल्यात माणसाला मातीत बसवतात, हातात इष्टलिंग देऊन. शरीर शिवाचं आहे, आलं तसं परत द्यायचं, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं. तुला ते अडाणीपणाचं वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही.

डॉक्टरनं शेंगदाण्याएवढा तुकडा काढला. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घातला, वर ते डोळ्यांत झोंबणारं पाणी ओतलं, रबराचं बूच लावलं आणि चिकटपट्टीवर तिचं नाव लिहून बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, इथं तपासायला उशीर लागेल, तुमची मुलगी पुण्यात हेच शिकते ना, तिच्या विभागात नेऊन द्या. सगळे नातेवाईक अशाच बाटल्या घेऊन गाड्यांत बसतात म्हणे.

विभागात मी ती दिली. पण कुणाच्या हातात दिली हे मला शपथेवर सांगता येणार नाही. दारात एक काळसर माणूस बसला होता. तो कोंडिबाच असेल असं नाही. चौकशीत तेवढं सांग.

अप्पा

लोहारा
२८ मार्च १९८६
(कार्ड)

चि. महादेवी, मागच्या पत्रातला शेवटचा भाग कुणाला दाखवू नकोस. खरं पत्र पाकिटातून पाठवतो. कार्ड पोस्टात सगळे वाचतात.

अप्पा

लोहारा
२ एप्रिल १९८६

महादेवी,

मी पुण्याला आलोच नव्हतो.

चार दिवस हे वाक्य लिहितो आहे आणि कागद फाडतो आहे. आता लिहून झालं, पुढचं सोपं जावं.

सोलापूरच्या स्टँडवर अव्वाला आणि तुझ्या हरणाकाकूला उमरग्याच्या गाडीत बसवून दिलं. पुण्याची गाडी लागलेलीच होती. मी चढलो, खिडकीशी बसलो. बाटली आतल्या खिशात होती, इष्टलिंगाच्या शेजारी. बूच घट्ट होतं तरी वास येत होता. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. कंडक्टरनं घंटी मारली आणि मी उठून उतरलो. तो म्हणाला, "काय पाव्हणं, काय इसरलं का?" मी म्हणालो, "हो." गाडी गेली.

मुक्कामाच्या गाडीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, पहाटे सोसायटीत दूध घेतलं. म्हणजे ज्या दुपारी मी तुझ्या विभागात होतो असं तुला कळवलं, त्या दुपारी मी आपल्या शेतात, माझ्या आईवडलांच्या समाधीजवळ, वीतभर खड्डा खणत होतो. बाटलीतलं पाणी ओतून दिलं. तुकड्याला विभूती लावली, बेलाच्या पानात गुंडाळला आणि पुरला. शिवाचं नाव घेतलं. बाटली विहिरीत टाकली. मग घरी येऊन तुला पत्र लिहिलं: पुण्याला येऊन गेलो, तू तासाला होतीस, सोसायटीसाठी परतीची गाडी धरायची होती म्हणून थांबलो नाही, बाटली दाराशी बसलेल्या शिपायाला दिली. तू उलट पत्रात लिहिलंस, "अप्पा, एवढं येऊन मला न भेटता गेलात?" तुला त्याचंच वाईट वाटलं होतं.

मागच्या पत्रात मी अव्वाचं बोलणं लिहिलं, मला अक्खी बसवा म्हणून. ते खरं, पण ते आदल्या संध्याकाळचं. तुकडा काढल्यावर दवाखान्याच्या बाकावर ती बसली होती, गालात कापसाचा बोळा धरून. तेव्हाचं बोलणं मी लिहिलं नाही. ती म्हणाली, "आता कापलंच हाय तर काय निगतंय ते तरी कळू द्या. म्हादेवीला म्हनावं, तूच बग. तुज्या हातचं असलं तर मला भ्या न्हाय."

ती भ्याली नव्हती. मी भ्यालो.

तू पहिल्या वर्षी मला मोठमोठी पत्रं लिहायचीस. तुम्ही काचेच्या बाटल्यांत गुलाबी पाण्यात पेशी वाढवता, त्यांना अंगाएवढी ऊब देता. चांगली पेशी शेजारणीला टेकली की वाढायची थांबते. रोगाची पेशी थांबत नाही, शेजारणीच्या अंगावर चढते. आणि ती बाहेरून आलेली नसते, आपलीच असते, तिच्या आतल्या लिहिण्यात कधी कधी एवढ्याशा जागी बदल झालेला असतो, तो तीन-चार वर्षांमागं परदेशात सापडला. मी सातवी शिकलेला माणूस, पण ती पत्रं मी सोसायटीत वाचून दाखवायचो. बिराप्पा म्हणायचा, "आण्णा, तुमची पोरगी रोगाला पाळती, आमी म्हशीला पाळतो."

म्हणून मला कळलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. मी नमुन्याचा माणूस आहे. बाटलीभर दुधात सगळी म्हैस दिसते हे बावीस वर्षं लोकांना सांगत आलो. शेंगदाण्याएवढ्या तुकड्यात काय दिसेल हे मला तुझ्या अव्वापेक्षा, त्या डॉक्टरच्या नर्सपेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि बघणार कोण, तर तू. तपासणीचा कागद आला नाही तोवर रोग नाही, असं मनाला सांगत मी उतरलो. शरीर अखंड, शिवाचं देणं, हे सगळं मी शेतात खड्ड्यापाशी पोचल्यावर आठवलं. देवाला मी मागाहून बोलावून घेतलं, साक्षीला.

जानेवारीत तू लिहिलंस, बाटली इथं कुठंच नाही, दुसरा तुकडा काढून आणा. तेव्हाही वेळ होता. मी उत्तर दिलं की जखम वैद्याच्या पुडीनं वाळते आहे. ती वाळत नव्हती. तुझी परीक्षा एप्रिलमध्ये होती, ती बुडू नये म्हणून लिहिलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. परीक्षा हे निमित्त होतं. दुसरा तुकडा म्हणजे पहिल्याची चौकशी.

ती रोज पोस्टमनची वाट बघायची. "आला का कागद?" "येळ लागतो गंगम्मा, पुण्याचं काम आहे." मे महिन्यात तू आलीस तेव्हा तिचं तोंड बोटभरही उघडत नव्हतं, मानेला गाठी होत्या. तू तिला तशीच घेऊन सोलापूरला गेलीस, तिथं तिला किरणांचा शेक दिला. उशीर झाला होता. शेवटी बोलणं गेलं तेव्हा ती दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढायची. तू विचारलंस, "अप्पा, अव्वा काय मागते?" मी म्हणालो, "आरसा मागत असेल." तू आरसा आणून दिलास. तिनं तो बाजूला सारला.

ती कागद मागत होती.

आणखी एक आहे आणि ते सगळ्यांत वाईट आहे. पत्रात मी शिपाई असा शब्द लिहिला तेव्हा मला कुठलाच शिपाई दिसला नव्हता, मी तिथं नव्हतोच. पण शिपाई म्हणजे बहुतेक कुठल्या वस्तीतला असणार आणि त्याच्या शब्दाला किती मोल असणार, हे माझ्या मनात होतं. गावात पन्नास वर्षं काढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. साहेबाचं नाव मी लिहिलं नसतं. तुझ्या विभागातल्या शिकल्यासवरल्या माणसांनी कोंडिबाचं का ऐकलं नाही, हे त्यांना विचार. तूही का ऐकलं नाहीस, ते मला विचारायचा अधिकार नाही. ती वाट मीच तुला दाखवली.

७ तारखेला मी येतो. सोसायटीची नोंदवही घेऊन येतो. २७ नोव्हेंबरला सकाळी आणि सायंकाळी दोन्ही वेळचं दूध माझ्या अक्षरात आहे. आपल्या जिल्ह्याचा माणूस वाचवायला म्हातारा खोटं बोलतो असं कुणी म्हणालं तर ती दाखवीन.

तू तिथं नसलीस तरी चालेल.

शांतलिंग

बेंबळी
१० एप्रिल १९८६

महादेवी,

तू होतीस. भिंतीकडच्या बाकावर, वही मांडीवर घेऊन. मी आत आलो तेव्हा तू उठून उभी राहिलीस आणि लगेच बसलीस. ती सवय असेल.

चौकशीचे साहेब म्हणाले, "तुम्ही हे दीड वर्षानं सांगता?" मी नोंदवही उघडून समोर ठेवली. त्यांनी पानं उलटली, विचारलं, "यात तुमचंच अक्षर कशावरून?" मी तिथंच बसून सगळं लिहून दिलं, त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. पुढं काय झालं ते तू ऐकलंसच. तक्रार काढून टाकतो म्हणाले, कोंडिबाला हुकूम येईल. माझ्यावर काही करायचं का, तर त्यांच्याकडे तसा नियम नव्हता.

मग तू बाहेर वऱ्हांड्यात आलीस. तू एवढंच विचारलंस, "बाटलीतलं पाणी ओतलं होतं?"

मी हो म्हणालो.

"सगळं?"

सगळं.

तू डोळे मिटलेस. मग म्हणालीस, "त्या पाण्यात तुकडा सडत नाही. त्यात असता तर आजसुद्धा बघता आला असता," आणि आत निघून गेलीस. मला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर ओतलं नसतं, असं लिहिणार होतो. पण आता मी स्वतःबद्दल अशी खात्री देत नाही.

तू गेल्यावरचं तुला माहीत नाही, ते सांगतो. कोंडिबा जिन्याखाली उभा होता. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण केस सगळे पांढरे. मी हात जोडले. तो म्हणाला, "हात नगा जोडू आण्णा, लोक बगत्यात. तुमी मला कदी बगितलं न्हाय, म्या तुमास्नी बगितलं न्हाय, आन् माजं नाव कसं घेतलं?"

"नाव नाही लिहिलं. शिपाई लिहिलं होतं."

"शिपाई म्हन्ल्यावर दुसरं कोन व्हतं तितं?" तो हसला. "बारा वर्सात माज्या हातनं एक नमुना हरपला न्हाय. आलेली बाटली म्या आदी वहीत चढिवतो, मंग पानी पितो. समद्यास्नी म्हाईत व्हतं. तरी बी."

मी म्हणालो, तुम्ही सांगाल ते करतो. तो बराच वेळ जिन्याच्या कठड्यावर नख घासत राहिला. मग म्हणाला, "नोकरीचं व्हईल काय व्हायचं ते. बेंबळीला जावा. भावकीत सांगा, आन् माज्या आईला सांगा. तिला कुनीतरी सांगितलं, तुजा ल्योक बाटल्यांतलं स्पिरीट इकून पितो, त्यात एका पोरीची आई मेली. तिनं सांगावा धाडला, दुसऱ्याची आई मारलीस, माज्या दारात पाय ठिवू नगंस."

म्हणून मी बेंबळीला आलो. काल सायंकाळी त्यांच्या विहारासमोर वीसेक माणसं जमली. साहेबांना लिहून दिलेलं मी घरी पुन्हा उतरून काढलं होतं, ते वाचलं. शिपाई हा शब्द मी का लिहिला तेही वाचलं. एक तरुण उठून म्हणाला, "आता कागद वाचताय, तवा का वाचला न्हाय?" दुसऱ्यानं त्याला खाली बसवलं. तो बरोबर बोलला होता. कुणी मला मारलं नाही. कुणी पाणीही विचारलं नाही, ते त्यांचं बरोबर होतं.

कोंडिबाच्या आईचं नाव मालनबाई. सत्तरीच्या पुढं आहे, ऐकू कमी येतं. सकाळी तिच्या घरी गेलो. तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. तिनं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना तिनं माझ्या हाताला धरलं, आधाराला की मी पळून जाऊ नये म्हणून ते कळलं नाही. मग म्हणाली, "तुमच्या बायकूनं कागदाची वाट बगितली?"

"हो."

"लई दिस?"

"नऊ महिने."

तिनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "म्या बी वाईटच केलं. लोकांचं ऐकलं. पोटच्याला इचारलं न्हाय." आणि मला म्हणाली, "तुमास्नी लिवता येतंय न्हवं? लिवा."

मी पोस्टातून अंतर्देशीय पत्र आणलं. तिच्या उंबऱ्यावर बसून विचारलं, काय लिहू? ती विचार करत राहिली. वरती नमो बुद्धाय लिवा म्हणाली, ते लिहिलं. कोंडिबास आईचा आशीर्वाद, ते लिहिलं. पुढं तिला काही सुचेना. तोंडाशी पदर लावून रडली, पुसलं, आणि म्हणाली, "लिवा, ये."

"आणखी?"

"आनकी काय? ये म्हन्ल्यावर येतंय की त्ये."

मी ये लिहिलं. खाली तिचा अंगठा घेतला. कागद जवळजवळ सगळा कोरा राहिला. तिनं तो मला स्टँडवरच्या पेटीत टाकायला दिला. पेटीत टाकला, पडल्याचा आवाज ऐकला.

हे पत्र त्याच स्टँडवर बसून लिहितो आहे. लोहाऱ्याकडे जाणारी गाडी आणखी तासाभरानं आहे. त्या म्हातारीचं एकाक्षरी पत्र लिहिल्यापासून तोच शब्द तुला लिहावा असं मनात येतं आहे. तिनं लोकांचं ऐकलं एवढीच तिची चूक, म्हणून तिला तो लिहिता आला. मला येत नाही. मी लिहीत नाही.

शांतलिंग